संध्याकाळचं जेवण साडेसहाला

३ फेब्रुवारी

दादा,

पोचले, खोली मिळाली, गॅस लागला. एवढं आधी वहिनींना सांग, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. फोन करणार होते, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं तू मनाने भरतोस आणि मग आपलं भांडण होतं. शिवाय कामाला जाताना फोन फाटकावर जमा करावा लागतो. त्यापेक्षा पत्र बरं.

तर आता मी तुझ्या तुरुंगात आहे, आहारतज्ज्ञ म्हणून. तू इथे एकोणतीस वर्षं हवालदारी केलीस, पण इथल्या स्वयंपाकघराबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नाहीस. का काढला नाहीस ते आता कळलं. बागेतल्या फावड्याएवढा पळा आहे. भाजी सहाला चिरतात, सातला चढवतात आणि अकराला वाढतात. चार तास उकळल्यावर ती कोबी होती की भोपळा हे चवीवरून नाही, भिंतीवरची यादी वाचून कळतं. हॉस्पिटलात मी असं ताट पेशंटपुढे ठेवलं असतं तर मला त्याच ताटाने हाणलं असतं.

अधीक्षक साहेब माणूस सरळ आहेत. म्हणाले, "बाई, तुमचं जीवनसत्त्वांचं शास्त्र मला कळत नाही. मारामाऱ्या मोजता येतात. त्या कमी झाल्या तर तुम्हाला ठेवून घेतो, नाहीतर तीन महिन्यांनी नमस्कार."

स्वयंपाकाच्या टोळीचा मुकादम एक बंदी आहे. त्याला सगळे गवंडी म्हणतात, कारण बाहेर तो तेच काम करायचा. बांधकामावर भांडण झालं, याने ढकललं, समोरचा बांबूच्या परांचीवरून खाली पडला आणि गेला. दहा वर्षांची शिक्षा, सात झाली. सलग नव्वद दिवस मारामारीची नोंद झाली नाही तर त्याचं प्रकरण सुटका मंडळापुढे जाईल. सात वर्षांत चाळीसच्या पुढे तो कधी गेलेला नाही. सकाळी मला नमस्कार करत नाही, नुसता आकडा सांगतो. आज म्हणाला, "बारा, बाई." त्याची मुलगी तो आत आला तेव्हा सहा वर्षांची होती, आता तेरा. तिने पत्रात लिहिलंय की तिचा हात आता दाराच्या वरच्या कडीला पोचतो. ते पत्र त्याने मला दोनदा वाचून दाखवलं.

तुझी,
छोटी


११ फेब्रुवारी

छोटे,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मला मोठ्याने वाचून दाखवलं, गल्लीतल्या चार घरांना फुकटात ऐकायला मिळालं.

मी जेवणाबद्दल बोललो नाही, कारण माझं काम कुलपाचं होतं, पळ्याचं नव्हतं. तू त्यांना काय जावयासारखं खाऊपिऊ घालणार आहेस का? माणूस आत येतो तो स्वभाव घेऊन येतो. कोबी कमी शिजवल्याने स्वभाव बदलत असता तर आम्ही काठ्या कशाला बाळगल्या असत्या? तू हुशार आहेस, लहानपणापासून आहेस, म्हणून तर तुझा कोणी लवकर कान धरत नाही. मी धरतो.

तो गवंडी माझ्या वेळचाच. हात उचलायला मागेपुढे बघत नाही. स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठ करून उभी राहू नकोस. नव्वद दिवस म्हणे. त्याने नव्वद काढले तर मी मिशी काढेन.

तब्येत सांभाळ. तिथल्या पाण्याने केस गळतात, माझे त्यानेच गेले.

दादा


२ मार्च

दादा,

तोंडावर पडले. तू हसणार आहेस, तर आधीच हसून घे.

भाजी आता वाढायच्या अर्धा तास आधी चढते. डाळ दाट झाली, फळ आलं. सगळ्यात मोठा माझा विजय म्हणजे संध्याकाळच्या ताटात प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं. त्यासाठी मी साहेबांच्या इतकी मानगुटीवर बसले की त्यांनी शेवटी हात टेकले. गवंड्याने पहिल्या दिवशी अंडी सोलायला टोळी बसवली, एकाही अंड्याला नख लागलं नाही.

आणि त्या महिन्यात मारामाऱ्या वाढल्या. अठरा होत्या, पंचवीस झाल्या. अंड्यांवरून. लोक अंडं खाईनात. खिशात घालून बराकीत न्यायचे आणि उशाखाली ठेवायचे. मग एकाचं अंडं दुसऱ्याच्या उशाखाली सापडलं की बुक्क्या. मी ठरवून टाकलं की ही हाव आहे, सौदेबाजी आहे. अंडं ताटातच खायचं असा नियम केला, तर माझ्यासमोर तोंडात घालून गालात धरून न्यायला लागले. साहेबांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "बाई, अंड्याआधी बरं होतं." अंडी दुपारच्या ताटात गेली.

गवंड्याचं अंडंही चोरीला गेलं होतं. कोणी नेलं ते त्याला ठाऊक होतं. तो त्या माणसाच्या खाटेजवळ गेला, उभा राहिला आणि परत आला. हे मला दुसऱ्याने सांगितलं. त्याने फक्त "एकोणचाळीस" सांगितलं. मी त्याच्याकडे पाठ करूनच काम करते दादा, आणि मला कसलीच भीती वाटत नाही. त्या मोठ्या हातांनी तो मीठ टाकतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. शंभर माणसांच्या डाळीला मीठ हाताने, न मोजता, आणि कधी चुकत नाही.

पण दोन महिने उरलेत आणि मला काही सुचत नाहीये.

तुझी,
छोटी


९ मार्च

छोटे,

हसलो. वहिनीने डोळे वटारले म्हणून थांबलो.

तू उगाच अंड्याला दोष देतेस. अंडं नसतं तर साबणावरून झाली असती, तांब्यावरून झाली असती. पहाटे साडेपाचला बराकीचं दार उघडलं की साडेसातच्या चहापर्यंत मारामारी होणारच, हे आमच्याकडे पोरगेलेसे शिपाईसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकायचे. नळावर धक्का, चहाच्या रांगेत धक्का. आम्ही त्या दोन तासांत चार माणसं जास्त उभी करायचो. चहा आणि पाव पोटात गेला की सगळे गरीब गाईसारखे. दुपारी मी खुर्चीत डुलक्या काढल्यात. स्वभावच तो. सकाळी उठल्याउठल्या जो भांडतो तो मुळात भांडखोर.

साहेबांना सांग की तुझ्या भावाने सांगितलंय, पहाटे माणसं वाढवा. आणि तू आपली हॉस्पिटलात परत जा, तिथले लोक निदान आडवे असतात.

दादा


१४ मार्च

दादा,

तुझं पत्र मी फाटकापाशी उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

अरे, यांचं संध्याकाळचं जेवण साडेचारला असतं. चहा आणि पाव सकाळी साडेसातला. मध्ये पंधरा तास. मी दीड महिना ताटात काय आहे ते बघत बसले, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. हॉस्पिटलात संध्याकाळी दूध जातं, रात्री काहीतरी जातं, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. माणसं अंडी साठवत होती ती हावेने नाही. पहाटे पोटात कावळे ओरडतात तेव्हासाठी ठेवत होती. आणि मी त्यांना गालातून बाहेर काढायला लावलं. मला माझीच लाज वाटते.

खात्री करायची म्हणून तीन दिवस मी स्वतः साडेचारला जेवले आणि साडेसातपर्यंत काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दूधवाल्याशी भांडले. कशावरून, तर त्याने फाटक जोरात लावलं. त्याला मी काय काय बोलले ते लिहीत नाही, वहिनी मोठ्याने वाचतात. तो बिचारा दुसऱ्या दिवशी दूध ठेवून पळाला. मी, दादा, जिने उभ्या आयुष्यात कोणाला अरे म्हटलं नाही.

गवंड्याला विचारलं, पहाटे काय होतं? त्याने हातातलं तपेलं खाली ठेवलं. मग म्हणाला, "डोळ्यापुढे पिवळं होतं बाई. कोणी आडवा आला की तो माणूस दिसत नाही, नुसतं आडवं काहीतरी दिसतं. चहा पोटात गेला की कळतं कोणाला मारलं ते." आज त्याचे एक्कावन्न झाले. कसे, असं विचारलं तर म्हणाला, उठल्यावर नळाला जातच नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो साडेसातपर्यंत.

मी साहेबांना म्हटलं, जेवण साडेसहाला करा. ते म्हणाले, करायला माझी ना नाही, पण मोजणीचं काय? जेवण झाल्यावर मैदानात सगळ्यांना उभं करून मोजतात, पाऊण तास जातो, सहाला पाळी बदलते. साडेसहाला जेवण म्हणजे मोजणी रात्रपाळीवर, आणि रात्रपाळीला माणसं निम्मी. तुझ्या जुन्या जमादारांनी तर हातच वर केले.

हे तुझं शास्त्र आहे, माझं नाही. काही मार्ग असेल तर तुलाच ठाऊक असेल.

तुझी,
छोटी


२० मार्च

छोटे,

उभ्या माणसांना कशाला मोजता? बसलेल्यांना मोजा.

उभा माणूस हलतो, मागे सरकतो, ओळखीच्याशेजारी जाऊन उभा राहतो. आकडा जुळत नाही, पुन्हा पहिल्यापासून. पुढे ताट असलेला माणूस जागचा हलत नाही. जेवणाच्या खोलीत दहा-दहाच्या ओळी लावा. वाढून झालं की एकाने या टोकाने निघायचं, दुसऱ्याने त्या टोकाने. दोन हवालदार, दहा मिनिटं. आकडा जुळेपर्यंत कोणी ताट उचलायचं नाही. सातला कुलूप. दिवसपाळीची मैदानातली मोजणी उलट टळते, जमादाराला हे पहिल्यांदा सांग, मग बाकीचं ऐकून घेईल.

एकदा वादळात मैदानात गुडघाभर पाणी होतं तेव्हा मी असंच मोजलं होतं. बारा मिनिटं लागली. घरी येऊन डायरीत लिहिलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी मैदान कोरडं होतं, पुन्हा उभ्यानेच मोजायला लागलो.

हे तुझ्यासाठी सांगतोय. कैद्यांच्या पोटाशी मला देणंघेणं नाही.

दादा

ता. क. मी वहिनी लिहितेय. देणंघेणं नाही म्हणे. तुमचं मागचं पत्र आल्यापासून यांनी माळ्यावरून जुन्या डायऱ्यांची पेटी काढलीये. चष्मा लावून दिवसभर काहीतरी शोधतायत. चहा नेला तर वही झाकतात. विचारलं तर म्हणतात, "मोजतोय." काय मोजतायत ते देव जाणे. तुम्ही विचारा, तुमचं ऐकतात.


१८ एप्रिल

दादा,

तू काय केलंस ते तुला कळलंय का? बावीस मार्चला पहिल्यांदा साडेसहाला जेवण झालं. पहिल्या दिवशी मोजणीला वीस मिनिटं लागली, आता नऊ लागतात. जमादार तर अशा थाटात फिरतात की जणू ही युक्ती त्यांच्याच डोक्यातून निघाली. मी काही बोलत नाही.

आणि पहाटेची रांग बघायला मी मुद्दाम साडेपाचला गेले. नळावर दोघं एकमेकांना जागा देत होते. एक म्हातारा बंदी गुणगुणत होता. जास्तीचे चार शिपाई काय करावं न कळून उभे होते. चार आठवड्यांत तीन मारामाऱ्या. साहेबांनी तो कागद दोनदा बघितला आणि मला म्हणाले, "राहा." एवढंच. मी बाहेर येऊन रडले.

परवा स्वयंपाकघरात एका नव्या माणसाच्या हातून उकळती डाळ गवंड्याच्या पायावर सांडली. सगळे गारठले. गवंड्याने पाय पाण्याच्या बादलीत घातला आणि म्हणाला, "हळू रे, अजून सांडशील, लोकांना कमी पडेल." दादा, मी खूप माणसं बघितली, पण असं धीराचं माणूस कमी बघितलंय. आज शहाऐंशी.

आता जे लिहायचं ते लिहिते. एकोणतीस तारखेला मंडळ बसणार. साहेबांनी मला त्याची फाइल दाखवली. मंडळातल्या बाई म्हणाल्यात, नव्वद दिवस ठीक, पण जुन्या नोंदींत "स्वभावतः हिंसक" असं चार वेळा लिहिलंय, असा माणूस बाहेर कसा सोडायचा? त्या चार नोंदी मी बघितल्या. उभं, सरळ, रेघेवर बसलेलं अक्षर. माझ्या शाळेच्या वह्यांवर तूच नावं घालायचास, मी ते अक्षर अंधारातही ओळखेन.

तू मला सांगितलं का नाहीस?

तुझी,
छोटी


२३ एप्रिल

छोटे,

सांगितलं नाही कारण लाज वाटली. आधी वाटत नव्हती. तुझं पंधरा तासांचं पत्र आलं तेव्हा वाटायला लागली.

मी नोकरीत एक गोष्ट चोख केली. नोंदीत वेळ घड्याळ बघून लिहायची आणि तीच घरी येऊन डायरीत उतरवायची. बाकीचे अंदाजे लिहायचे, मी मिनिट लिहायचो. त्याचा मला फार गर्व होता. गेला महिनाभर त्या डायऱ्या वाचतोय. मी नोंदवलेल्या मारामाऱ्या एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यातल्या एकशे एकतीस पहाटे साडेपाच ते साडेसात. सगळं माझ्या हाताने लिहिलेलं. एकोणतीस वर्षं लिहिलं आणि एकदा उलटून वाचलं नाही.

गवंड्याच्या चार. सहा दहा, सहा पंचेचाळीस, पाच पन्नास, सात पाच. शेवटची मला चांगली आठवते. चहाची बादली आली, तो रांग सोडून पुढे आला, मी हात आडवा घातला, त्याने माझा हात झटकला. मी हल्ला लिहिला. त्या दिवशी मी घरून चहा, दोन पाव आणि अंडं खाऊन गेलो होतो. वहिनीने गरम करून दिलं होतं. हे डायरीत नाही, पण रोजचंच होतं.

त्या नोंदीने त्याची त्या वर्षीची शिक्षेतली सूट गेली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असणार.

मी एकोणतीसला येतोय. साहेबांना विचार, निवृत्त हवालदाराला मंडळापुढे बोलता येतं का. येत नसेल तर फाटकावर बसून राहीन. तू त्याला काही सांगू नकोस.

दादा


३० एप्रिल

वहिनी,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, कारण दादा घरी येऊन "झालं सगळं ठीक" एवढंच सांगेल आणि पेपर उघडेल. तुम्हाला सगळं कळायला हवं.

काल पहिल्या बसने आला. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत सात डायऱ्या. तुम्ही दिलेला डबा तसाच होता, उघडलाही नव्हता. मी म्हटलं काहीतरी खा, तर म्हणाला आधी हे होऊ दे. दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून होता. येणारे जाणारे शिपाई त्याला सलाम करत होते आणि तो मान खाली घालत होता.

मंडळात तिघं. साहेबांनी परवानगी काढून ठेवली होती. गवंडी एका बाजूला उभा होता. त्याने दादाला आत येताना बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं असणार, पाचवी नोंद आली.

दादाने डायऱ्या टेबलावर ठेवल्या. आधी सगळ्या पहाटेच्या वेळा वाचल्या, मग गवंड्याच्या चार. मग जेवणाची जुनी वेळ आणि नवी वेळ सांगितली. मंडळातल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही नोंदी चुकीच्या लिहिल्या होत्या?"

तो म्हणाला, "वेळ बरोबर लिहिली, बाई. स्वभावाचं जे लिहिलं ते चूक लिहिलं. मी त्याचा स्वभाव कधी बघितलाच नव्हता, मी त्याला फक्त उपाशी बघितला होता. ते शब्द खोडून द्या. माझी सही घ्या."

वहिनी, मी लहानपणी या माणसाला घाबरायचे, मोठेपणी आपण दोघींनी त्याची चेष्टा केली. काल मला तो माझा भाऊ आहे याचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. आपल्याच अक्षराविरुद्ध उभं राहायला किती बळ लागतं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी आम्हाला बाहेर थांबवलं. सव्वा तासाने बोलावलं. सुटका मंजूर झाली. येत्या सोमवारी सकाळी तो जाणार. मुलगी आणि तिची आजी फाटकावर येणार आहेत.

गवंड्याने ते ऐकलं, साहेबांना हात जोडले आणि सरळ स्वयंपाकघरात गेला, कारण साडेपाच वाजले होते आणि डाळ उतरवायची होती. दादा म्हणाला, मी निघतो. त्याला गवंड्यासमोर जायचं नव्हतं. पण बाहेरचा रस्ता स्वयंपाकघराच्या दारावरूनच जातो.

गवंडी दारात उभा होता, खांद्यावर फडकं. दादा माफी मागायला पुढे झाला, ते मला कळलं. गवंड्याने त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, वैद्य बघतात तसं. मग म्हणाला, "हवालदार, सकाळपासून उपाशी आहात. मला ओळखता येतं. आत या, बसा."

आणि त्याने दादाला आत नेऊन स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. भात, दाट डाळ, दुपारची कोबी आणि दुपारचंच एक अंडं. दादा खाली मान घालून जेवला. गवंडी ताट संपेपर्यंत शेजारी उभा राहिला आणि मध्ये एकदा, न विचारता, आणखी डाळ वाढली.

तुमची,
छोटी